उमेदवारीचे व्याकरण

‘उमेदवारी’ या शब्दाचे दोन अर्थ आज मराठीत प्रचारात आहेत. निवडणुकीतली उमेदवारी वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवली. दुसरी, जुनी उमेदवारी सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत कसलाही गाजावाजा न होता चालत राहिली. फारसीतल्या ‘उमेद’चा अर्थ आशा, उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. १९६१ च्या कायद्याचे मराठी करताना ‘शिकाऊ उमेदवार’ असा जोडीचा शब्द रूढ झाला आणि शिकणे व आशेवर राहणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी बांधल्या गेल्या. व्याकरणाच्या दृष्टीने ‘शिकाऊ’ हे विशेषण आणि ‘उमेदवार’ हे विशेष्य. व्यवहारात यांतले प्रधान कोण आणि गौण कोण, हा प्रश्न गेली तीन वर्षे आमच्यापुढे आहे. तो भाषाशास्त्राचा नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा आहे.

आम्ही दोघे पुण्याच्या वेशीवरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेथे संगणकशास्त्राच्या पदवीला शिकाऊ उमेदवारीची जोड देण्यात आली. पहिली काही सत्रे वर्गात, नंतरची हिंजवडीतल्या एका तंत्रज्ञान कंपनीत; त्या कामाचे श्रेयांक पदवीत मिळवायचे आणि शेवटी पदवी विद्यापीठाची. प्रत्येक विद्यार्थ्याला कंपनीत एक पर्यवेक्षक आणि महाविद्यालयात एक मार्गदर्शक शिक्षक असावा, अशी योजना. संगणक विभागात शिक्षक अपुरे, म्हणून काही विद्यार्थी आमच्या वाट्याला आले. मराठीच्या शिक्षकांनी सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना काय मार्गदर्शन करायचे, असा प्रश्न शिक्षक-कक्षात विचारला गेला. तो रास्त होता. त्याचे उत्तर आम्हांला पुढे सापडत गेले. त्यातले काही येथे मांडत आहोत.

प्रथम थोडा इतिहास, कारण ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतात १९७४ मध्ये अशा संस्था निघाल्या, की ज्यांत विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात असे. २००९ मध्ये त्यांचे एकत्रित विद्यापीठ झाले. इंग्लंडमध्ये पदवी-उमेदवारी २०१५ पासून सुरू झाली आणि आरंभीच्या क्षेत्रांत संगणकक्षेत्र होते. भारतात विप्रो आणि पिलानीची बिट्स यांनी विज्ञानाच्या पदवीधरांना नोकरी करता करता पुढची पदवी देण्याचा उपक्रम १९९० च्या दशकातच चालवला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारीयुक्त पदव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २०२० मध्ये, नवे शैक्षणिक धोरण आले त्याच वर्षी.

महाराष्ट्राला मात्र श्रम आणि शिक्षण यांची सोयरीक नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. खेड्यातला मुलगा शेतात राबेल आणि त्या श्रमावर शिकेल, ही ती योजना. तिच्यात श्रम हे शिक्षणाचे मोल होते. श्रमाला स्वतःची प्रतिष्ठाही होती. परंतु विहीर खणणारा मुलगा वर्गात इतिहास वाचत असे आणि विहिरीचा त्या इतिहासाशी संबंध असावा, अशी अट नव्हती. आजच्या उमेदवारीत हा संबंध हीच मुख्य अट आहे. येथे काम हाच अभ्यासक्रम. त्यामुळे काम हलके असेल तर शिक्षणही हलके होते. ‘कमवा आणि शिका’त कमाई थोडी झाली तरी शिकणे पूर्ण होऊ शकत असे, येथे तशी सोय नाही.

विद्यार्थ्यांना दर पंधरवड्याला कार्यनोंदवही भरावी लागे. ती इंग्रजीत असे. आम्ही तिला एक जोड दिली : त्याच पंधरवड्याविषयी दोन पाने मराठीत लिहून आणायची. पहिल्या काही महिन्यांतली पाने साधारण अशी होती : ‘काम : टेस्टिंग. वेळ : आठ तास. अडचण : नाही.’ ज्यांनी वाक्ये लिहिली, त्यांनीही ‘चाचणी घेण्यात आली’, ‘त्रुटी कळविण्यात आल्या’, ‘बैठकीस उपस्थित राहण्यात आले’ अशी सरकारी वळणाची लिहिली. आम्ही समासात एकच प्रश्न लिहीत असू : ‘कोणी?’ चाचणी कोणी घेतली? त्रुटी कोणाच्या लक्षात आली? बैठकीत कोण बोलले आणि कोण गप्प बसले? मुले प्रथम गोंधळली. एकाने सांगितले, “सर, आम्ही तिथे काही करतच नाही असं वाटतं. जे होतं ते होतं.” कर्ता नसलेली वाक्ये केवळ सवयीने आलेली नव्हती, हे आम्हांला त्या दिवशी कळले. ती अनुभवाची प्रामाणिक नोंदच होती.

तरी त्या पानांतून हळूहळू एक जग उलगडत गेले आणि त्यातला काही भाग आम्हांला फार जवळचा वाटला. नव्या उमेदवाराला पहिले तीन आठवडे एक ओळही लिहू देत नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेली संहिता वाचावी लागते. ती कोणी, का आणि कोणत्या घाईत लिहिली असेल याचा अंदाज घ्यावा लागतो. मग एखादा लहानसा बदल सुचवायचा, तो दोघांनी तपासायचा, शेरे मारायचे, तो परत यायचा. गेल्या वर्षीपासून या वाचनात यंत्राने लिहिलेल्या संहितेची भर पडली आहे. ती सफाईदार दिसते आणि म्हणून अधिक सावधपणे वाचावी लागते, असे एका विद्यार्थिनीने लिहिले होते. मार्गदर्शिकांवर पोसलेल्या आमच्या पदवीच्या वर्गांत इतके बारकाईचे वाचन आज क्वचित होते, हे सांगायला आम्हांला संकोच वाटत नाही.

‘गिट’ नावाच्या साधनाची ओळख आम्हांला विद्यार्थ्यांनीच करून दिली. २००५ मध्ये तयार झालेले हे साधन संहितेची प्रत्येक अवस्था जपून ठेवते. त्यात ‘ब्लेम’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक ओळीसमोर ती शेवटी कोणी व केव्हा बदलली हे दिसते. आम्ही त्यांना ज्ञानेश्वरीची गोष्ट सांगितली : एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली ती का करावी लागली, पाठभेद आणि प्रक्षेप म्हणजे काय, राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या प्रतीने कोणते वाद उभे राहिले. मुले लक्ष देऊन ऐकत होती. लेखनिकाचा प्रमाद आणि लेखनिकाने जाणूनबुजून केलेली ‘सुधारणा’ यांतला फरक सांगताना आम्हांला उदाहरणे शोधावी लागली नाहीत. ती त्यांच्याच कामात होती. पाठचिकित्सेचा तास इतका रंगल्याचे आम्हांला एरवी आठवत नाही.

परंतु या उमेदवारीचा खरा कस लागला तो एका विभक्तिप्रत्ययावर.

आमच्याकडच्या विद्यार्थ्यांत सातारा जिल्ह्यातली एक मुलगी होती. वस्तू घरपोच करणाऱ्या एका सेवेचे मोबाइलवरचे ॲप बारा भारतीय भाषांत आणण्याचे काम तिच्या गटाकडे होते आणि मराठी पडदे तपासणे तिच्याकडे. इंग्रजी वाक्यात गावाच्या नावासाठी एक रिकामी जागा असते. यंत्र तेथे नाव भरते. इंग्रजीत नाव बदलत नाही, म्हणून काही बिघडत नाही. मराठीत मात्र पडद्यावर आले : ‘तुमची मागणी सातारामध्ये पोचली आहे.’ तिने त्रुटी नोंदवली. उत्तर आले, की शब्द बरोबर आहे, प्रत्यय बरोबर आहे, मग त्रुटी कोणती? त्या आठवड्यात ती आमच्याकडे आली. “मॅडम, साताऱ्यात कुणी ‘सातारामध्ये’ म्हणतं का हो? माझ्या आजीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणेल, हे दुसरं कुठलं तरी गाव असेल.”

जे तिला कानाने कळत होते त्याचे नाव आम्ही तिला सांगितले : सामान्यरूप. प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल. दहावीच्या व्याकरणात ते तिने पाठ केले होते. त्याचा उपयोग तिला प्रथमच भासला. तिने महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा तक्ता केला. सातारा–साताऱ्यात, भंडारा–भंडाऱ्यात, वर्धा–वर्ध्यात, अकोला–अकोल्यात हे आकारान्तांचे कुटुंब. पुणे–पुण्यात, ठाणे–ठाण्यात, धुळे–धुळ्यात हे एकारान्तांचे. परभणी, अमरावती, रत्नागिरी न बदलणाऱ्या. नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, चंद्रपूर यांचा दीर्घ ‘पू’ प्रत्ययापूर्वी ऱ्हस्व होतो, तो नियमही तिने शोधून काढला. नाशिकपाशी ती थबकली : ‘नाशिकमध्ये’ चालते, पण तेथला माणूस ‘नाशकात’ म्हणतो. २०२३ पासून अधिकृत झालेल्या नव्या नावांपाशीही ती थांबली, कारण ‘धाराशिवमध्ये’ म्हणावे की ‘धाराशिवात’, हे लोकांच्या जिभेने अजून ठरवायचे होते. ‘साताऱ्यात’मधला तो अर्धा ‘ऱ्’ कळफलकावर कसा उमटवायचा, हा वेगळाच लढा. आचार्यांचा ‘र्य’ आणि आचाऱ्यांचा ‘ऱ्य’ एक नव्हेत, हे तिने आपल्या गटातल्या अमराठी सहकाऱ्यांना फळ्यावर लिहून समजावले.

या कामात तिचे दोन दिवस गेले. पर्यवेक्षकाने तक्ता पाहिला, वाखाणला आणि बाजूला ठेवला. मराठीसाठी तक्ता केला तर उरलेल्या अकरा भाषांसाठीही विचार करावा लागेल आणि पंधरवड्याचे काम आधीच ठरलेले आहे, हे त्याचे म्हणणे. मग तोडगा निघाला. वाक्यच काढून टाकण्यात आले. पडद्यावर आता येते : ‘मागणीचे सध्याचे ठिकाण : सातारा.’ अपूर्णविराम घातला की नाव प्रथमेत राहते, प्रत्यय लागत नाही आणि बाराही भाषांत काम भागते.

कंपनीला दिलेल्या भेटीत आम्ही त्या पर्यवेक्षकाशी बोललो. तो मराठी माध्यमात शिकलेला, विदर्भातला, वयाने तिशीचा. “सर, तिचं बरोबरच आहे,” तो म्हणाला. “पण बरोबर असणं वेगळं आणि यादीत वर असणं वेगळं.” हे तो तुच्छतेने म्हणत नव्हता. त्याच्या डोक्यावर स्वतःची यादी होती. तांत्रिक दृष्टीने त्याचा तोडगा निर्दोषच म्हणावा लागेल : चूक नाहीशी झाली. पण तिच्याबरोबर वाक्यही नाहीसे झाले, क्रियापद गेले, कोणी तरी काही तरी पोचवीत आहे ही जाणीव गेली. विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतले ‘काम : टेस्टिंग, वेळ : आठ तास’ हे लेखन कोठून आले, ते आम्हांला त्या पडद्यावर दिसले. माणसे ज्या भाषेत दिवसभर काम करतात, त्याच भाषेत स्वतःविषयीही लिहू लागतात.

सत्राच्या शेवटी कंपनीकडून आलेल्या मूल्यमापनात त्या मुलीला ‘वेळेचे नियोजन’ या रकान्यात सर्वांत कमी गुण होते. शेरा होता, नेमून न दिलेल्या कामावर दोन दिवस खर्च. महाविद्यालयाच्या मूल्यमापनात आम्ही त्याच दोन दिवसांना सर्वाधिक गुण दिले. एकाच पदवीच्या एकाच गुणपत्रकात एकाच कृतीची अशी दोन मोले झाली. विद्यापीठ आणि बाजार यांच्यातल्या मतभेदाविषयी आपण परिसंवाद घेत असतो; तो येथे दोन रकान्यांत मावला होता.

आता कायद्याविषयी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचे अठरावे कलम सांगते, की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधनही, करारात तशी अट नसेल तर, आस्थापनेवर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने इतकेच म्हटले, की आस्थापनेने यासंबंधीचे आपले धोरण आपण ठरवावे. २०१९ च्या नियमांनी पदवीच्या पातळीवरच्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये केले. केंद्राच्या योजनेत किमान रकमेचा निम्मा भार सरकार उचलते. इंग्लंडमधला पदवी-उमेदवार कायद्याने कर्मचारी असतो, त्याला वेतन मिळते आणि विद्यापीठाचे शुल्क त्याला भरावे लागत नाही. आपल्याकडे व्यवस्थेचे नाव तेच, तिच्या आतला माणूस मात्र निराळा. सकाळच्या बैठकीत त्याला इतरांइतकाच हिशेब द्यावा लागतो, रात्री नवी आवृत्ती चढवायची असेल तर तोही थांबतो आणि कायद्याच्या भाषेत तो ‘काम’ करीत नसतो. ‘आम्ही तिथे काही करतच नाही असं वाटतं’ म्हणणाऱ्या मुलाने हे कलम वाचलेले नव्हते.

यावरून ही सगळी योजना म्हणजे स्वस्त मजुरीची पळवाट, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि आमच्या काही सहकाऱ्यांनी तो काढलाही. आम्हांला तो पुरता पटत नाही. आमच्या विद्यार्थ्यांत एक मुलगा असा होता, की विद्यावेतन नसते तर दुसऱ्याच वर्षी त्याला घरी परतावे लागले असते. खोलीचे भाडे आणि खानावळ भागवून तो घरी थोडे पैसे पाठवीत असे. त्याच्या घरातली ती पहिली पदवी. त्याला ‘शोषण’ हा शब्द ऐकवण्यापूर्वी आपण त्याच्यापुढे दुसरे काय ठेवू शकतो, हे सांगितले पाहिजे. निव्वळ वर्गातली पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या हाती आम्ही इतकी वर्षे काय ठेवीत आलो, तेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

शिवाय उमेदवारीविषयी बोलताना आम्हांला तटस्थ राहता येत नाही. एम.ए. आणि सेट झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून चौदा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. नेमणूक दर वर्षी नवी, सुट्टीत मानधन नाही, तासांची मर्यादा ठरलेली; पण परीक्षा, स्नेहसंमेलन, मूल्यांकन समितीची तयारी या कामांना मर्यादा नव्हती. एका संस्थेत सहा वर्षे शिकवल्यावर पद भरले गेले तेव्हा मुलाखतीला बोलावण्याचे सौजन्यही दाखवले गेले नाही. त्या दिवसांत आम्हांला कोणी शिकाऊ म्हणत नव्हते. केवळ उमेदवार होतो, शब्दाच्या मूळ अर्थाने. त्या काळाने आम्हांला काही शिकवले का? शिकवले. तासाला जाण्यापूर्वी एसटीच्या थांब्यावर बसून पाठ तयार करण्याची सवय तेव्हाची. परंतु ते शिक्षण कोणी आम्हांला दिलेले नव्हते; आम्ही ते हिसकावून घेतले होते. प्रतीक्षा आणि शिक्षण यांत फरक करायचा तो येथे. ज्या उमेदवारीत शिकवण्याची जबाबदारी कोणा विशिष्ट व्यक्तीवर आहे, ती शिक्षण आहे. जेथे ती कोणावरच नाही, तेथे माणूस नुसता आशेवर आहे, मग त्याला श्रेयांक मिळोत की न मिळोत.

या कसोटीवर पाहता वाद कंपनी विरुद्ध महाविद्यालय असा राहत नाही. त्या पर्यवेक्षकाने मुलीचे म्हणणे ऐकले, तक्ता वाचला, कारण देऊन नाकारला. त्या अर्ध्या तासात तो शिक्षक होता. उलट, नोंदवहीवर न वाचता सही करणारा महाविद्यालयातला मार्गदर्शक शिक्षक नसतो. साहित्याच्या अध्यापकाचे स्थान या व्यवस्थेत कोठे, या प्रश्नाचे उत्तरही आम्ही येथेच शोधतो. मुलांनी ‘संवादकौशल्य’ शिकावे म्हणून आमची गरज आहे, असे परिपत्रकात लिहिलेले असते. आमच्या अनुभवाने गरज निराळी आहे. ज्या वाक्यातून माणूस निघून गेला आहे ते वाक्य ओळखता येणे आणि तो कोठे गेला असे विचारता येणे, हे शिकवणारे दुसरे कोणी त्या साडेतीन वाजता सुटणाऱ्या आणि साडेनऊ वाजता पोचणाऱ्या बसच्या वेळापत्रकात नाही.

महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवल्या. इंग्लंडने आरंभीच्या नियमांत पगारी वेळेचा पाचवा हिस्सा कामाबाहेरच्या शिक्षणासाठी राखला होता. आपल्याला तितके नाही तरी आठवड्याचे तीन तास कंपनीच्या वेळेतून मिळावेत. आणि मूल्यमापनाच्या दोन रकान्यांत तफावत आली, तर दोन्ही मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला समोर बसवून आपापले कारण सांगावे. पहिली सूचना ‘कंपनीशी बोलू’ या उत्तरावर थांबली आहे. दुसरी मान्य झाली. तिला पैसे लागत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

त्या तुकडीतल्या निम्म्याहून कमी मुलांना कंपनीने पुढे ठेवून घेतले. विद्यावेतनावर तगलेला मुलगा त्यांत आहे. साताऱ्याची मुलगी नाही. ती सध्या दुसरीकडे मुलाखती देत आहे. पदवी हाती असूनही पुन्हा उमेदवारच, असे ती हसून म्हणते. तिचा ३६ ओळींचा तक्ता आम्ही पुढच्या तुकडीसाठी व्याकरणाचा पाठ म्हणून लावला आहे. नव्या मुलांनी त्यात तालुक्यांची भर घालायला सुरुवात केली असून, गावाचे नाव तेथले लोक कसे चालवतात हे आधी घरी फोन करून विचारायचे, असा नियम त्यांनी आपणहून केला आहे.

तिच्या शेवटच्या पंधरवड्याच्या दोन पानांवर आम्हांला समासात काही लिहावे लागले नाही. पहिलेच वाक्य होते : ‘मी हा तक्ता केला, पर्यवेक्षकांनी तो वापरला नाही, आणि तरी तो बरोबर आहे.’